सातासमुद्रापलीकडची भिशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



तीन वर्षे वेस्ट इंडीजमध्ये राहून आलेली एक बाई आपल्या मंडळात आहे, तेव्हा वर्धापनदिनी तिच्याकडून तिकडची हकीगत ऐकावी, असे कार्यकारिणीने ठरविले आणि हे काम माझ्याकडे आले. मी काही व्याख्याती नव्हे. यजमानांच्या नोकरीमुळे २००८ ते २०११ ही वर्षे आम्ही त्रिनिदाद बेटावर ट्यूनापूना या गावी काढली. तेथे जे पाहिले, आणि परत आल्यावर जे वाचून ताडून घेतले, ते यथामति आपल्यापुढे ठेवणार आहे.

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या घरांतून पहिली आठवण निघते ती क्रिकेटची. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने तेथे प्रथमच मालिका जिंकली. त्या दौऱ्यात सुनील गावसकरांनी चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा काढल्या आणि मूळच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२. त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने गावसकरांवर एक कॅलिप्सो गीतच रचले. मी मुंबईकडची असे सांगितले की साठी उलटलेला भाजीवालासुद्धा ते गीत गुणगुणू लागे आणि दोन वांगी जास्त घाली! त्यानंतरची आठवण कार्निव्हलच्या मिरवणुकीची, आणि तेलाच्या रिकाम्या पिंपांतून त्या लोकांनी घडविलेल्या स्टीलपॅन या वाद्याची. त्यांची चित्रे आपण पाहिलीच असतील.

आज मी यांपैकी कशाविषयीच बोलणार नाही. मी बोलणार आहे भिशीविषयी. होय, आपल्या भिशीविषयीच! गेल्या वार्षिक सभेत ‘मंडळाची भिशी बंद करावी’ असा ठराव आला होता आणि तो पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवला आहे, हे आपणांस ठाऊक आहे. मते देण्यापूर्वी सातासमुद्रापलीकडच्या बायकांनी या चालीचे काय केले, तेवढे ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम जागेची ओळख. त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटे मिळून एक देश आहे. तो १९६२ साली स्वतंत्र झाला. त्याचे क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून किंचित कमीच. लोकवस्ती सुमारे चौदा लाख. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे त्यांत शेकडा ३५ भारतीय वंशाचे, शेकडा ३४ आफ्रिकी वंशाचे आणि बाकीचे बहुतेक मिश्र. यांपैकी कोणाचेही पूर्वज तेथे हौसेने गेलेले नाहीत. आफ्रिकी लोकांना गुलाम करून साखळदंडांत आणले, आणि आपल्याकडील लोकांना उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेले.

गुलामीचा कायदा इंग्रजी मुलखात १ ऑगस्ट १८३४ रोजी संपला. पण ‘उमेदवारी’ या नावाखाली तीच वेठबिगार आणखी चार वर्षे चालली आणि खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ला झाली. सरकारने नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले. ते कोणाला, ठाऊक आहे? गुलामांच्या मालकांना! ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ऊस तोडला, त्यांच्या हाती एक पैसाही पडला नाही. घर मालकाचे, जमीन मालकाची, आणि नातेवाईक तर विक्रीतच विखुरलेले. आता अशा माणसाने संसार उभा कसा करावयाचा?

त्याची एक शिदोरी मात्र आधीपासून बांधलेली होती, आणि ती पुष्कळशी बायकांनी बांधलेली होती. मळेवाले गुलामांच्या पोटासाठी खर्च नको म्हणून त्यांना डोंगरउतारावरचे, उसाला निकामी असे जमिनीचे तुकडे देत. त्यांत ते लोक रताळी, सुरण, केळी पिकवीत. पोटापुरते ठेवून उरलेले धान्यकंद रविवारच्या बाजारात विकावयास नेत. डोक्यावर हारा घेऊन कोसन् कोस चालत जाणारी ही बाजारकरीण कायद्याने स्वतः दुसऱ्याची मालमत्ता होती. पण कनवटीला चार नाणी तिची स्वतःची असत. जमेकामधील बाजारकरणींना आजही ‘हिग्लर’ म्हणतात. तो धंदा बायका आईकडून शिकत आल्या आहेत.

या चार-चार नाण्यांचे पुढे काय झाले, याची एक गोष्ट सांगते. गयाना हे बेट नव्हे, दक्षिण अमेरिकेच्या काठावरचा तो देश आहे. पण रीतिरिवाजांनी तो या बेटांचाच सोयरा. तेथे नोव्हेंबर १८३९ मध्ये, म्हणजे सुटकेला सव्वा वर्ष होते न होते तोच, पाच मळ्यांवरच्या ८३ माणसांनी आपली पुंजी एकत्र केली आणि नॉर्थब्रूक नावाचा एक अख्खा मळा तीस हजार गिल्डरांना विकत घेतला. नाण्यांचे ओझे इतके झाले की ते हातगाड्यांवर घालून न्यावे लागले, असे तेथे सांगतात. त्या गावाचे नाव पुढे व्हिक्टोरिया ठेवले. एकेकट्याने कोणाला खुंटाभर जमीन मिळाली नसती. हात जोडले तेव्हा गाव उभे राहिले.

जेथे जमीन मिळाली नाही, तेथे निराळीच युक्ती निघाली. बार्बाडोस बेट लहान; जमीन सारी मळेवाल्यांची. तेव्हा लोकांनी लाकडाची घरे अशी बांधली की पाया खणावयाचा नाही, नुसत्या दगडांच्या थरावर घर ठेवावयाचे. मालकाने हुसकले की फळ्या सोडवून, गाडीवर घालून, दुसरीकडे नेऊन पुन्हा जोडावयाचे. अशी घरे तेथे अजूनही दिसतात. पण घर हलवावयाचे म्हणजे ते काही एकट्यादुकट्याचे काम नव्हे. शेजारी हवेत.

आणि शेजारी येत. आज मी तुझ्या घराला हात लावीन, उद्या तू माझ्या शेताला लाव. आपल्या कोकणातील लावणीच्या दिवसांत एकमेकांकडे पाळीने जाण्याची चाल आपल्यापैकी थोरल्या बायकांना आठवत असेल, अगदी तसेच. याला त्रिनिदादमध्ये ‘गायाप’ म्हणतात, टोबॅगोत ‘हात उसना देणे’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि सेंट लुशिया व डॉमिनिका या बेटांवर ‘कुदमें’. तो फ्रेंचमधून आला आणि त्याचाही अर्थ ‘हात लावणे’ असाच. मजुरी द्यावयाची नाही. घरधनिणीने मात्र मोठ्या हंड्यात सगळ्यांचे जेवण रांधावयाचे.

श्रमाची जशी पाळी, तशी पैशाची. ती म्हणजे त्यांची भिशी. त्रिनिदादमध्ये तिला म्हणतात ‘सूसू’. नाव ऐकून आपल्याला हसू येत आहे, मलाही आले होते! पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या भाषेत या चालीला ‘एसुसु’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. जमेकामध्ये तीच ‘पार्टनर’, बार्बाडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’, आणि गयानात ‘बॉक्स हँड’. भगिनींनो, त्या गुलामांच्या अंगावरचे कपडे, त्यांची नावे, त्यांचे देवसुद्धा हिरावून घेण्याचा प्रयत्न झाला. पण ही पाळीची रीत ते डोक्यात घेऊन आले होते, आणि डोक्यातले कोणाला जप्त करता आले नाही.

ट्यूनापूनात आमच्या शेजारी एक निवृत्त परिचारिका राहत. तिकडे वडीलधाऱ्या बाईला ‘तांती’ म्हणतात. आपल्या मावशी-आत्यासारखाच शब्द. या तांती आमच्या आळीच्या सूसूच्या ‘बँकर’ होत्या. एक शाळेची वही, आणि बिस्किटांचा एक जुना डबा, एवढीच त्यांची बँक. एकेका वाट्याला तिकडे ‘हात’ म्हणतात. आमच्या सूसूत बारा हात होते. दरमहा प्रत्येक हाताचे पाचशे डॉलर (तिकडचे डॉलर, अमेरिकेचे नव्हेत) जमावयाचे आणि सहा हजारांची रक्कम एकीला द्यावयाची. व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. मी सामील व्हावयाचे म्हटले तेव्हा तांतींनी माझा पत्ता विचारला नाही की मिळकत विचारली नाही. त्यांनी विचारले, “तुझ्याविषयी शब्द कोण टाकील?” समोरच्या घरातील बाईने शब्द टाकला, तेव्हा मला हात मिळाला.

त्या बारा हातांत कोण कोण होते, ते नीट ऐका. एक शाळामास्तरीण, एक पोलीस खात्यातील बाई, बाजारात भाजी विकणाऱ्या दोघी बहिणी, आणि पहाटे चारला उठून ‘डबल्स’ विकणारी एक. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेले ‘बारा’ आणि मध्ये छोल्यांची उसळ. आपल्याकडचा वडापाव तसा तिकडचा हा खाद्यपदार्थ. याशिवाय इतरांच्या घरी केरवारा करणारी एक बाई होती. तिला पूर्ण हात झेपत नव्हता, म्हणून तिने आणि तिच्या जावेने मिळून एक हात घेतला होता. दोघींचा अर्धा अर्धा. वहीत तिचे नाव मास्तरणीच्या नावाच्या वर होते, कारण तिने आधी लिहविले होते. इतके साधे कारण!

आपण चिठ्ठ्या टाकतो. तिकडे तांती पाळी ठरवीत, आणि ठरविताना प्रत्येकीला विचारीत, “तुला केव्हा लागतील?” एकीला सप्टेंबरात, शाळा सुरू होताना, एकीला नाताळापूर्वी, घराला रंग देण्यासाठी. मला सातवी पाळी मिळाली होती. पण त्या महिन्यात डबल्सवाल्या बाईची आई वारली. तांती संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “तुझे काम थांबेल का?” माझे काम थांबण्यासारखे होते. पाळी बदलली आणि वहीत दोन बाण काढले गेले. कोणी आभाराचे भाषण केले नाही. बाराव्या महिन्यात माझे पैसे मला मिळाले, आणि त्यांच्याबरोबर सोमवारी सकाळी गरम डबल्सची पुडी, तीही महिनाभर!

त्या डबल्सवाल्या बाई भारतीय वंशाच्या. आता त्यांच्या पूर्वजांकडे वळते. ‘फतेल रझाक’ हे पहिले जहाज कलकत्त्याहून निघून १०३ दिवसांनी, ३० मे १८४५ रोजी, त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे त्या बेटावर आली. बहुतेक भोजपुरी मुलखातील, काही मद्रासकडील. आपली मराठी माणसे अशा करारावर गेली ती मुख्यतः मॉरिशसला. त्रिनिदादकडे जवळजवळ नाहीतच. जहाजावर दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात, असा नियम पुढे झाला. त्यांत एकट्या आलेल्या पुष्कळ होत्या. कोणी विधवा, कोणी टाकलेल्या, कोणी दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या. त्यांना तेथे ना माहेर, ना सासर. मग एकाच जहाजातून आले ते ‘जहाजी भाई’ आणि ‘जहाजी बहीण’ ठरले, आणि ते नाते रक्ताच्या नात्यासारखे पाळले गेले.

या बायका मजुरीतून उरलेली चांदीची नाणी सोनाराकडून वितळवून हातांत, गळ्यात घालीत. त्यांची बँक अंगावरच असे. लग्नाआधी ‘मटकोर’ नावाचा विधी असतो. त्यात बायकाच वाजतगाजत माती आणावयास जातात, आणि पुरुष नसल्यामुळे मनमुराद नाचून, नवरदेवाची थट्टा करून घेतात. आपल्या मंगळागौरीची आठवण होते. या बायकांच्या गाण्यांतूनच पुढे ‘चटणी’ नावाचे संगीत निघाले. भोजपुरी बोलणारी माणसे आता फार थोडी, तीही वृद्ध, उरली आहेत. पण तवा, बेलना, चुल्हा हे शब्द घरोघर आहेत, आणि वडिलांच्या आईला तेथे ‘आजी’ म्हणतात! परमुलखात एका मुलाने “आजी!” अशी हाक मारलेली ऐकली तेव्हा मी दचकून मागे वळून पाहिले होते.

आता असे पाहा, सूसू ही आफ्रिकेची चाल. पण ती भारतीय बायकांनीही उचलली, आणि आज तिच्यात दोन्हीकडच्या बायका शेजारी शेजारी बसतात. तेथे निवडणुका आल्या की या दोन समाजांत तेढ दिसते, ते मी लपवून ठेवीत नाही. पण तांतींच्या वहीत तेढ शिरलेली मी पाहिली नाही. ज्या बाईचे पैसे माझ्याकडे आणि माझे तिच्याकडे आहेत, तिच्याशी अबोला धरून चालत नाही.

ही चाल समुद्र ओलांडून पुढेही गेली. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज या बेटांवरील माणसे घेऊन इंग्लंडला लागले, आणि मग हजारोंनी माणसे तिकडे गेली. रुग्णालये आणि रेल्वे चालवावयास ती हवी होती. पण घर भाड्याने द्यावयास पुष्कळ घरमालक तयार नसत, आणि बँका कर्ज देत नसत. तेव्हा जमेकाच्या लोकांनी तेथे ‘पार्टनर’ सुरू केली. एकेकाने आपल्या पाळीच्या रकमेतून घराचा पहिला हप्ता भरला, त्या घरात दुसऱ्याला खोली दिली, आणि दुसऱ्याची पाळी आली की त्याने घर घेतले.

मंडळाच्या दृष्टीने आणखी एका बाईचे नाव घेतलेच पाहिजे. ऑड्री जेफर्स या त्रिनिदादच्या बाईंनी १९२१ साली पोर्ट ऑफ स्पेन शहरात काही मैत्रिणी जमवून ‘कोटरी ऑफ सोशल वर्कर्स’ नावाची संस्था काढली. आपल्या भाषेत महिला मंडळच म्हणा ना! १९२६ पासून त्यांनी शाळेतील गरीब मुलांसाठी जेवणाच्या शेड उघडल्या. पुढे १९३६ साली त्या शहराच्या नगरपालिकेवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. ताटे वाढता वाढता ही बाई कायदे करणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली.

हे सारे ऐकून सूसू म्हणजे सत्ययुगच, असे कोणी समजू नये. पैसे घेऊन बँकर बेपत्ता झाल्याच्या हकीगती तेथेही ऐकू येतात. पाळी आधी घेऊन पुढचे हप्ते बुडविणाऱ्या बायकाही असतात. २०२० साली तर सूसूचे नाव घेऊन, थोडक्या दिवसांत पैसे कित्येक पटींनी वाढवून देण्याची आमिषे दाखविणाऱ्या योजना त्रिनिदादमध्ये निघाल्या. पोलिसांना धाडी घालाव्या लागल्या आणि मध्यवर्ती बँकेला लोकांना सावध करावे लागले. खरी सूसू आणि खोटी यांतील फरक तांतींनी मला फार पूर्वीच सांगितला होता. त्या म्हणत, “जितके घातले तितकेच निघते, ती सूसू. त्याहून जास्त निघू लागले, की ते दुसऱ्या कोणाचे तरी असते.” हे वाक्य आपल्या घराघरांत सांगण्यासारखे आहे, कारण असल्या आमिषांना आपल्याकडेही तोटा नाही.

आता आपल्या ठरावाकडे येते. भिशी बंद करावी म्हणणाऱ्या भगिनींचे म्हणणे असे, की आता प्रत्येकीचे बँकेत खाते आहे, फोनवर पैसे जातात-येतात. मग दरमहा जमून, चहा-चिवडा करून, चिठ्ठ्या टाकावयाच्या कशासाठी? त्यांचे हिशेब बरोबर आहेत. केवळ पैशाची सोय म्हणून पाहिले तर आपल्यापैकी बहुतेकींना भिशीची गरज उरलेली नाही, हे मला मान्य आहे.

परंतु मी विचारते, गरज कोणाला आहे? आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या, पोळ्या करणाऱ्या, जिन्याची झाडलोट करणाऱ्या बायकांना मुलाच्या फीसाठी एकदम दहा हजार लागले तर त्या कोठे जातात? कोणी सावकाराकडे, कोणी दर आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या कंपनीकडे, आणि कोणी आपल्याकडेच, मान खाली घालून उचल मागावयास. आपल्या भिशीच्या यादीत त्यांच्यापैकी एकीचेही नाव नाही. कोणी ठरवून वगळले असे मी म्हणत नाही. कोणी विचारलेच नाही.

म्हणून मी ठरावाला उपसूचना मांडते. भिशी बंद करू नये. तिच्यात तीन गोष्टी घालाव्यात. पहिली, आळीतील कोणाही बाईला, एका सभासदाने शब्द टाकला तर, भिशीत घ्यावे. आणि ज्यांना पूर्ण वाटा झेपत नाही त्यांना अर्धा द्यावा. दुसरी, निम्म्या पाळ्या चिठ्ठीने आणि निम्म्या गरज विचारून ठरवाव्यात. आजारपण वा मृत्यू आला तर पाळी बदलण्याचा अधिकार भिशी सांभाळणाऱ्या बाईस असावा. तिसरी, वही दरमहा सर्वांसमोर वाचावी, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही. चहा-चिवडा मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहावा. त्याला माझी काहीच हरकत नाही!

जमेल का, असे कोणी विचारील. ज्यांना देश सोडताना एक बोचकेही नीट बांधता आले नाही, त्यांना हे जमले. आपल्याकडे तर मंडळाची खोली आहे, सतरंज्या आहेत, कपाट आहे, आणि वही तर आजच आणता येईल. त्या वहीत पहिले नाव कोणाचे लिहावयाचे, ते आधी येईल तिचे.

 उपसूचनेला अनुमोदन देणारी एक भगिनी पुढील सभेत मिळावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.